वस्तऱ्यांचे पुरुमेंत

जपणूक : वाचकांचे प्रश्न

मार्चच्या अंकात अडकित्त्यांबद्दल लिहिताना मी सहज म्हणून गेले की बाबांचे वस्तरे अजून माझ्याकडे आहेत. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली तितकी तीन महिन्यांत अडकित्त्यांवर आली नव्हती. एवढ्या घरांत वस्तरे पडून असतील याची मला कल्पना नव्हती. म्हणून हा अंक त्यांचाच. तांब्याच्या घागरीवाल्यांनी महिनाभर थांबावे.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी मूळचा पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त गोव्यात दोनापावलला आलो. वस्तरे जमवायचा नाद मला पंधरा वर्षांचा. चोवीस आहेत, बहुतेक इंग्लंडमधल्या शेफील्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे. पुण्यात ते काचेच्या कपाटात मखमलीवर मांडलेले असत, काही त्यांच्या जुन्या चामडी म्यानांत. वर्षातून एकदा तेलाचा हात द्यायचो, एकालाही काही झाले नाही. इथे पहिल्याच पावसाळ्यात अकरा वस्तऱ्यांवर तांबूस ठिपके आले आणि दोघांची धार काळी पडून तिला खड्डे पडले. कपाट नवीन करून घेतले आहे, खोलीत एसी असतो, बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्याही टाकल्या आहेत. पाऊस पुन्हा तोंडावर आला. चुकते कुठे?
– एक वाचक, दोनापावल

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीत थोडे थोडे चुकते आहे. पण दोष पुण्याचा. पुण्याने तुम्हाला लाडावून ठेवले.

आधी स्वयंपाकघरात जाऊन मिठाची बरणी बघा. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढून पाझरायला लागते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत बरणीत तांदळाचे दाणे टाकले तरी मीठ चमच्याला चिकटते ते याच कारणाने. आता हेच मीठ तुमच्या वस्तऱ्यावर आहे असे समजा. समजायचे कशाला, आहेच. दोनापावलला वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार घरात येतात आणि सगळ्या वस्तूंवर बसतात. समुद्राच्या मिठात नुसते सोडियम क्लोराइड नसते, मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते तर ३३ टक्के आर्द्रतेलाच ओले होते. म्हणजे जानेवारीतल्या छान कोरड्या दुपारीसुद्धा पात्यावरचा तो न दिसणारा थर ओलसर असतो. त्यातले क्लोराइड पोलाद एका जागी धरून खाली खाली खणत जाते. पुण्यातही श्रावणात हवा दमट असते, पण तिथे पात्यावर मीठ नसते. फरक इतकाच, आणि तो पुरतो.

जुन्या वस्तऱ्याचे पोलाद साधे कार्बनचे. साधारण एक टक्का कार्बन, क्रोमियम जवळजवळ नाहीच. न गंजणारे पोलाद शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली केले, पण वस्तरे करणारे त्यानंतरही बराच काळ कार्बनलाच धरून राहिले. शिवाय पाते दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेले, धारेपाशी कागदाहून पातळ. चाकूला गंज चढला तर तो डाग असतो, घासला की गेला. वस्तऱ्याच्या धारेला गंज चढला तर तिथे धारच उरत नाही.

हे सगळे मी पुस्तकात वाचून शिकवत होते, तरी माझ्याकडून व्हायचे ते झालेच. बाबांचे सलून म्हापशात होते, शुक्रवारच्या बाजाराला जायच्या वाटेवर. तीन खुर्च्या, एक मोठा आरसा, आणि भिंतीला टांगलेला चामड्याचा पट्टा, त्यावर ते दिवसभर वस्तरा फटाफट ओढायचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात परदेशी माल सहज मिळायचा. त्यात बाबांची अर्धी गिऱ्हाइके तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारी. ती रजेवर आली की खुर्चीत बसता बसता खिशातून पुडी काढायची : ‘हांबुर्गांत घेतलो, तुका हाडला.’ असे सतरा वस्तरे जमले. रोजच्या वापरात चार. पुढे एड्सच्या भीतीने सलूनवाल्यांनी अर्धे ब्लेड घालायचे वस्तरे घेतले, बाबांनीही घेतले, आणि जुन्यांचे काम संपले.

बाबा १९९६ च्या मार्चमध्ये गेले. मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवणारी बाई. तेरा वस्तरे पुसले, खोबरेल लावले, एकेक लाल मखमलीत गुंडाळला, बाबांच्या चामड्याच्या धोकटीत ठेवला, डांबरगोळ्या टाकल्या आणि धोकटी फोंड्याच्या घरी शिसवी कपाटात वरच्या खणात ठेवून दिली. जवळजवळ देवघरात ठेवावी तशी. चतुर्थीचे पाहुणे गेल्यावर उघडली. तेरांतले आठ गेले होते. काहींची मखमल पात्याला चिकटून बसली होती, ओढली तर गंजाबरोबर निघाली. उरलेले चार, रोजच्या वापरातले, बाबांच्या टेबलाच्या खणात जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडले होते, शिलाई मशीनच्या तेलाने चिंब झालेल्या बनियनच्या चिंधीत. त्यांच्यावर एक ठिपका नव्हता.

तेव्हापासून माझे मत ठाम आहे : वस्तऱ्याचा जितका मान ठेवाल तितका तो लवकर जातो. तुमच्या कपाटात चारी मानाच्या गोष्टी आहेत. एकेक घेऊ.

चामडे. ते कमावताना आम्ले आणि क्षार वापरतात, ते आत राहतात. वर चामडे दमट हवेत पाणी धरून ठेवते. म्यान वस्तरा नेण्यासाठी असते, ठेवण्यासाठी नव्हे. म्याने वेगळी ठेवा. मूळ पुठ्ठ्याच्या डब्या असतील तर त्याही, कारण जुना पुठ्ठा आम्लधर्मी असतो. डबीवर वस्तऱ्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहा म्हणजे जोडी तुटणार नाही.

मखमल. सुती मखमल म्हणजे उभी वात. हवेतले पाणी आणि मीठ दोन्ही ओढते आणि पात्याला लावून धरते. दुसरे काही सांगायला नको.

नवीन कपाट. तुम्ही लिहिले नाही, पण प्लायवुडचे किंवा एमडीएफचे असणार. त्यातला गोंद कित्येक महिने वाफा सोडतो, लाकूड स्वतः ॲसेटिक आम्ल सोडते, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. काचा बसवताना लावलेल्या सिलिकॉनला आंबट वास येत होता का? तेही तेच. उघड्या खोलीत या वाफा निघून जातात. काचेच्या बंद कपाटात त्या कोंडतात आणि तुमचे वस्तरे लोणच्यासारखे मुरतात. कपाट दोन दिवस बंद ठेवा, मग दार उघडून चटकन नाक आत घाला. आंबूस वास आला तर वस्तरे त्याच दिवशी बाहेर काढा.

एसी. याचा लोकांना सर्वात जास्त विश्वास आणि यानेच सर्वात जास्त घात होतो. जुलैत आपल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. तुमच्या खोलीत एसीने पोलाद २३ अंशांवर आणून ठेवले आहे. पावसात वीज जाते, हे तुम्हाला दोन वर्षांत कळलेच असेल. तुम्ही खिडकी उघडता, बाहेरची हवा आत येते आणि फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला येतो तसा घाम पात्यांना येतो. पुसायला कोणी नाही, कारण दिसत नाही. एसी चोवीस तास चालणार असेल तर उत्तम. चालू-बंद होणार असेल तर वस्तरे एसी नसलेल्या खोलीत बंद डब्यात बरे.

आता करायचे काय. मे चालू आहे. आमच्याकडे हे पुरुमेंताचे दिवस, पावसाचे चार महिने घरात काय लागेल ते आताच भरून, सुकवून, झाकून ठेवायचे. सुके बांगडे आणि कोकम ठेवताना जी अक्कल लागते तीच इथे लागते, जास्त नाही.

पहिले काम मीठ धुणे. लोक थेट तेल लावतात. तेलात मीठ विरघळत नाही, मिठावर तेल लावले तर मीठ तेलाखाली सुखरूप राहते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी आणा, मऊ सुती फडके त्यात ओले करून पिळा आणि पाठीकडून धारेकडे पुसा, कधीही धारेच्या लांबीने नाही. दोनदा, दर वेळी नवे फडके. मग कोरडे फडके. मग नुसत्या पात्यावर स्पिरिटचा बोळा, मुठीला स्पिरिट लागू देऊ नका. पंख्याखाली तासभर उघडे ठेवा. घरात मूल असेल तर खोलीला कडी लावा.

पाते मुठीला जिथे खिळ्याने जोडलेले असते ती फट विसरू नका. गंज पहिल्यांदा तिथेच धरतो, कारण पाणी आत शिरते आणि फडके शिरत नाही. तिथे दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून पुसा, तेलाचा एक थेंब सोडा, पाच-सहा वेळा उघडमीट करा, बाहेर येणारे तेल टिपा. काळपट आले तर पुन्हा.

तेल कोणते? औषधाच्या दुकानात बद्धकोष्ठावर लिक्विड पॅराफिन मिळते, ते. दुकानदार काळजीने बघेल, बघू दे. खनिज तेल असल्यामुळे ते खवट होत नाही. शिलाई मशीनचे तेलही चालते. पातळ तेल मात्र हळूहळू ओघळून पात्याचा वरचा भाग उघडा टाकते, म्हणून पाऊस संपेपर्यंत हात लावायचाच नसेल तर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या, बोटाने पुसून काढल्यासारखा. बोटाने म्हणजे हातमोजा घातलेल्या बोटाने. घाम म्हणजेही मीठच. मी दवाखान्यात वापरतात ते नायट्रिलचे मोजे घालते. सुती मोज्यांचे धागे धारेत अडकतात आणि बोट पुढे जाते.

डबा स्वयंपाकघरातलाच. झाकणाला रबरी कडी आणि चारी बाजूंना खटके असलेला, पॉलिप्रॉपिलीनचा. पीव्हीसीच्या चकचकीत पिशव्या नकोत, ते प्लास्टिक जुने झाले की हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते. आत टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा फोम घाला. गादीतला पिवळा स्पंज नको, तो चार वर्षांत चिकट होऊन भुरभुरतो. वस्तरे मिटून, एकमेकांना न लागता, एका थरात. झाले. दिसायला बेकार दिसते. माझ्या सुनेने एकदा तो डबा रव्याचा समजून खाली काढला होता.

सिलिका जेलबद्दल थोडा हिशेब. ३० अंश तापमानाला घनमीटरभर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते. म्हणजे पाच लिटरच्या डब्यातल्या ९० टक्के दमट हवेत पाणी असते ते जेमतेम ०.१४ ग्रॅम. शंभर ग्रॅम जेल सहज वीस ग्रॅम पाणी पिते. मग इतके जेल कशाला? तर तुम्ही दर वेळी डबा उघडता त्यासाठी, झाकणाच्या फटीसाठी, आणि फोमने धरलेल्या ओलाव्यासाठी. बुटाच्या पुडीत एक-दोन ग्रॅम असते आणि ती तुमच्या घरी पोचेपर्यंत भरलेली असते. सुटे जेल घ्या, पाच लिटरला शंभर ग्रॅम, पातळ सुती पुरचुंडीत. नारिंगी जेल घ्या, ओले झाले की हिरवे होते. निळ्याचे गुलाबी होणारे कोबाल्ट क्लोराइडचे असते, ते विषारी, ज्या ओव्हनमध्ये केक करता तिथे तापवू नका. नारिंगी जेल १२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा ताजे.

डब्यात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थेंबभर पाण्याने ओले करा, विरघळू देऊ नका. ते आणि मापक एका काचेच्या बरणीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवे. माझा ८१ दाखवतो, मी सहा वजा करते.

किती कोरडे? नुसते पोलाद असते तर जितके कोरडे तितके बरे. पण मुठी शिंगाच्या, हाडाच्या, लाकडाच्या असतात आणि त्या फार कोरड्या हवेत तडकतात, शिंग तर वाकून पात्याला टेकते. मी ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवते. शिंगाच्या मुठींचा डबा वेगळा, त्यात जेल निम्मे. शिंगाला कीडही लागते, बारीक भोके दिसली तर तो वस्तरा लगेच बाजूला काढा.

आणि उघडत जा. डबा बंद करून विसरणे ही धोकटीचीच दुसरी तऱ्हा. मी पावसाळ्यात एकादशीला उघडते. त्या दिवशी स्वयंपाक कमी असतो म्हणून, दुसरे पुण्य नाही. दुपारी, ऊन पडलेले बघून. प्रत्येक पाते उजेडात फिरवायचे, ठिपका दिसला तर तिथल्या तिथे तेल.

मांडून ठेवायचा मोह मला समजतो. डिसेंबर ते एप्रिल पाच-सहा वस्तरे बाहेर काढा, समुद्राकडच्या खिडकीपासून लांब. बाकीचे डब्यात. खड्डे पडलेल्या त्या दोन धारा निसण्यावर घासून नव्या काढता येतात, पण पाते तितके अरुंद होते. संग्रहातल्या वस्तऱ्याला मी तसे करणार नाही.

प्रश्न : बाई, सासऱ्यांचा सात वस्तऱ्यांचा संच आहे, एका लांब पेटीत, प्रत्येक पात्याच्या पाठीवर वाराचे नाव. मुठी कासवाच्या पाठीसारख्या, पिवळ्या-तपकिरी. यंदा गुरुवारच्या मुठीला चिकट घाम आला आहे, कापरासारखा पण नाकाला झोंबणारा वास येतो आणि पितळी खिळ्याभोवती हिरवे दिसते. बुधवार आणि शुक्रवारच्या पात्यांवर मात्र गंज चढला. त्यांच्या मुठी चांगल्या आहेत. असे कसे?
– एक वाचक, माशेल

उत्तर : हे पत्र वाचून मी पंखा लावून उठले. बाई, गुरुवारला आजच्या आज पेटीतून बाहेर काढा. बाकीचे उत्तर मग वाचा.

काढलात? आता ऐका. मुठी कासवाच्या नसून सेल्युलॉइडच्या आहेत. १८७० नंतर हस्तिदंत, कासव, शिंग यांच्या नकलांसाठी हे प्लास्टिक आले. नायट्रेट केलेला सेल्युलोज आणि कापूर यांचे ते मिश्रण. वयाने आणि उष्णतेने ते फुटायला लागते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सोडते. ती दमट हवेत नायट्रिक आम्ल होतात. तेच आम्ल सेल्युलॉइडला आणखी फोडते, म्हणजे एकदा सुरू झाले की वेग वाढतच जातो. वाफ शेजाऱ्यांवर बसते. बुधवार आणि शुक्रवार गंजले ते गुरुवारमुळे. मंगळवार आणि शनिवारही नीट बघा.

अडचण अशी की पोलादाला बंद डबा हवा आणि सेल्युलॉइडला मोकळी हवा. कोंडले तर वाफ साठून ते लवकर मरते. गुरुवारच्या बाबतीत मी मुठीची आशा सोडीन. चांगल्या कारागिराकडून खिळा कानशीने घासून काढून घ्या, पाते मोकळे करा, बॅटरीच्या पाण्याने धुवा, तेल लावा. मूठ ठेवायचीच असेल तर कागदी पाकिटात, सर्वात थंड आणि वारा खेळणाऱ्या जागी, एकटी. देवघर, गॅस, इस्त्री यांपासून लांब, कारण सेल्युलॉइड भडकन पेटते. डांबरगोळ्यांजवळही नको. उरलेल्या सहा मुठी आज चांगल्या आहेत, पण त्याच कारखान्याच्या, त्याच वयाच्या. त्यांना हवाबंद डब्यात घालू नका. सुटे सुटे ठेवा, पात्यांना व्हॅसलिन द्या आणि दर आठवड्याला वास घ्या.

पेटी रिकामी राहील याचे वाईट वाटेल. माझ्याकडेही एक असा संच होता. मी संच न मोडायचे ठरवले आणि दोन वर्षांत सातही गेले.

प्रश्न : आजोबांच्या वस्तऱ्याची मूठ हस्तिदंताची आहे असे म्हणतात. खात्री करायला तापवलेली सुई टोचून बघावी असे एकाने सांगितले. विकायचा झाला तर किती येतील?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : सुई ठेवून द्या. मूठ सेल्युलॉइडची निघाली तर तापल्या सुईने ती पेटेल, हस्तिदंताची निघाली तर कायमचा डाग पडेल. भिंग घ्या. हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघोट्या दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या जागा. हस्तिदंतात तसे ठिपके नसतात, जाळीसारख्या तिरप्या रेषा असतात, पण त्या मुठीच्या आडव्या कापलेल्या कडेवरच दिसतात. रेषा सरळ, समांतर, वहीवर आखल्यासारख्या असतील तर ती नक्कल.

विकण्याचे मनातून काढा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार आपल्याकडे बंद झाला आहे. आजोबांचा असला तरी. बाळगण्याबद्दल काय कागद लागतात ते वनखात्याच्या कार्यालयात विचारा, दुकानदाराला विचारू नका. हस्तिदंताला तेल लावायचे नाही, पिवळे डाग पडतात.

प्रश्न : घरचे लाकडी घाण्याचे शुद्ध खोबरेल आहे. ते लावले तर चालेल ना?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : नाही. खवट होते, त्यात आम्ले तयार होतात. मी १९९६ मध्ये लावले होते. घाण्याचे आहे तर सोलकढीबरोबर भाजीला घाला.

प्रश्न : माझ्याकडे एकच वस्तरा आहे. पात्यावर सोनेरी अक्षरे आणि बोटीचे चित्र, कडेला गंज. पितळेच्या पॉलिशने घासू का? आणि किती जुना असेल?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : पॉलिशच्या एका हातात सोने जाईल, दुसऱ्यात बोट. ती अक्षरे आम्लाने अगदी वरवर कोरलेली असतात आणि त्यावर सोन्याचा मुलामा नावापुरता. गंजावर पॅराफिनचा थेंब ठेवून रात्रभर राहू द्या, सकाळी बांबूच्या चपट्या काडीने खरवडा. राहिला तर अगदी बारीक, चार शून्यांची पोलादी लोकर तेलात भिजवून, चित्राला न लावता. लिंबू, चिंच, कोल्ड्रिंक काही नको, आंबटाने तांबे उजळते, पोलाद खाल्ले जाते. काळसर-करडा रंग खरवडू नका. तो वयाचा रंग आहे, तो तसाच राहू द्या.

वय मानेवर, म्हणजे पाते आणि खिळा यांमधल्या भागावर बघा, कारखान्याचा ठसा तिथे असतो. तारा आणि क्रूस दिसला तर शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कारखान्याचा. ‘इंग्लंड’ असे देशाचे नाव असेल तर बहुधा १८९१ नंतरचा, कारण त्या साली अमेरिकेच्या आयात कायद्याने मालावर देश छापणे सक्तीचे झाले आणि कारखान्यांनी तोच ठसा सगळीकडे चालवला. नुसते ‘शेफील्ड’ असेल तर आधीचा असू शकतो. नक्की सांगायला ठसा बघावा लागेल. कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो कागद पाठवा. वस्तरा टपालाने पाठवू नका, मागे एकाने अडकित्ता पाठवला होता आणि पाकीट फाडून तो पोस्टमनच्या बोटाला लागला.

प्रश्न : बाई, मी कॉलेजात शिकतो, वस्तऱ्याने दाढी करायला नुकताच शिकलो. तुमच्या बाबांचे वस्तरे बघायला येऊ का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : या. पण नोव्हेंबरनंतर. जून ते ऑक्टोबर मी पाहुण्यांसाठी डबा उघडत नाही, नातेवाइकांसाठीही नाही. आल्यावर आधी हात साबणाने धुवून कोरडे करावे लागतील आणि हनुवटीवर कापले असेल तर ते मी बघणार. बिस्किटांच्या डब्यातले ते चार वस्तरे मात्र हातात देईन, त्यांना सवय आहे.